थालियाचा 'लुनाडा': सक्तीच्या श्रवणानंतरचा अनुभव

न्यू जर्सीत युनियन सिटीला जुन्या सामानाच्या दुकानात मेक्सिकोच्या पॉप गायिका थालियाच्या 'लुनाडा' या अल्बमची ही सीडी दोन डॉलरला मिळाली. गाडीत घातली आणि प्लेअरने जी गिळली ती गिळलीच. इजेक्ट दाबलं की आत घर्रर्र होतं, बाहेर काही येत नाही. वर्कशॉपवाला म्हणाला, अख्खा प्लेअर बदला. आकडा ऐकून मी किल्ली परत घेतली. रेडिओही त्याच डब्यातला, तोही तेव्हापासून मुका. त्यामुळे कित्येक महिने ऑफिसला जाता-येता एकतर 'लुनाडा', नाहीतर वायपरची खरखर.

थालिया केवढी मोठी, तिचं 'पिएल मोरेना' हे गाणं किती गाजलं, हे सांगत बसत नाही. २००५ च्या 'एल सेक्स्तो सेंतिदो'नंतर तीन वर्षांनी हा अल्बम आला. रेकॉर्ड कंपनी ईएमआय, निर्माता तिचा जुना सहकारी एमिलिओ एस्तेफान, आणि तरी आपटला. मुलगी २००७ च्या ऑक्टोबरातली, त्यात गोचीड चावून होणारा लाइमचा आजार, हे पुढे तिनेच सांगितलंय. अशा वेळी गावोगाव प्रचार करत फिरणार कोण?

पण माझं खरं भांडण यातल्या 'सेरा पोर्के ते आमो' या गाण्याशी आहे. मूळ गाणं इटलीच्या 'रिक्की ए पोवेरी' या पॉप ग्रुपचं, १९८१ चं. त्यांनी स्वतःच ते स्पॅनिशमध्येही गाऊन ठेवलंय. मग हा शिळ्या कढीला ऊत कशाला? मूळ कोरस फुटबॉलच्या स्टेडियममध्ये लोक गळा फाडून म्हणतात, कारण तो चारचौघांनी मिळून ओरडायचाच आहे. इथे तो इतका घासूनपुसून गुळगुळीत केलाय की ओरडायला खाचच उरलेली नाही. आणि वैताग असा की चिकटतो! डाळीला फोडणी देतानाही तोंडात तेच. बायकोने एकदा शांतपणे विचारलं, "दुसरं काही येतं का?" या एका गाण्यापायी मी अल्बमला दोन तारे देऊन मोकळा होणार होतो.

इथवरचं जानेवारीत लिहिलं होतं. आता मार्चात मत थोडं बदलतोय.

मध्यंतरी गाडीचा डावा स्पीकरही गेला. (हो, तोही दुरुस्त करणार नाही.) एका बाजूने ऐकताना मागची सजावट निम्मी गळाली आणि थालियाचा आवाज पुढे आला. यातलंच 'तेन पासिएन्सिया' हे गाणं तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं. बाई मजेत गातेय, मधेच हसल्यासारखा श्वास घेते. दोन्ही स्पीकरवर हे कधी कानावर पडलंच नव्हतं. म्हणजे दुखणं गायिकेत नव्हतं, तिच्यावर चढवलेल्या दागिन्यांत होतं. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, सोनीकडे जाऊन तिने 'प्रिमेरा फिला' हा अल्बम केला: समोर प्रेक्षक, अकूस्टिक वाद्यं, आवाज उघडा. तो तुफान चालला.

तर तीन तारे. दोन डॉलरच्या वर देऊ नका, आणि ऐकायचाच असेल तर एका कानात इअरफोन घालून ऐका. 'सेरा पोर्के ते आमो' आलं की सरळ पुढचं गाणं लावा. माझ्या प्लेअरचं ते बटण अजून चालतंय, तेवढं एकच.