शिकवणीचा वर्ग की ‘स्वयम्’?

ठाण्याच्या नौपाड्यातील शिकवणीचा वर्ग आणि केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेले ‘स्वयम्’ हे ऑनलाइन व्यासपीठ यांत निवड करताना केवळ शुल्क पाहून भागत नाही. ‘स्वयम्’वर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात, न समजलेला भाग थांबवून पुन्हा पाहता येतो आणि प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क भरावे लागते; शिवाय हे सारे घरबसल्या होते, त्यामुळे संध्याकाळी घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत अडकणाऱ्याला वाचलेल्या वेळेचे मोल वेगळे सांगायला नको. वर्गात मात्र विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ शिक्षकाला तत्क्षणी दिसतो, तर ‘स्वयम्’वर शंका लिहून उत्तराची वाट पाहावी लागते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या पदवीधराला मी ‘स्वयम्’ सुचवेन. दहावीच्या मुलाला, गर्दी सोसावी लागली तरी, वर्गच.