रेड झिरोची जोडी की एकच वेगवान एसएसडी? दिवाळी ते पावसाळा, नागपुरात वापरून पाहिलेलं

लॅपटॉप घेतला तोच एम.२ च्या, म्हणजे चपट्या एसएसडी (डेटा साठवणारी चिपांची डिस्क) बसवायच्या, दोन जागा बघून. काम लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं. एकेका लग्नाचं दोन-तीन कॅमेऱ्यांचं फोरके फुटेज असतं आणि लग्नसराईत एक काम हातावेगळं होईपर्यंत पुढच्याची कार्डं टेबलावर येऊन पडतात. तुळशीची लग्नं आटोपून सीझन लागला तेव्हा १ टीबीच्या दोन जनरेशन ३ एनव्हीएमई (वेगवान जातीच्या) एसएसडी रेड झिरोमध्ये जोडल्या, म्हणजे मोठ्या फाइलचे तुकडे दोघींवर वाटले जातात आणि दोघी मिळून एकच डिस्क दिसतात. होळीनंतर त्या काढून २ टीबीची एकच जनरेशन ४, म्हणजे पुढच्या पिढीची, एसएसडी बसवली, तीच आजही चालू आहे. दोन्ही खऱ्या कामात वापरल्या, म्हणून सविस्तर लिहितो.

कागदावर दोन्ही जवळजवळ सारख्याच. जनरेशन ३ ची एक एसएसडी सेकंदाला साधारण ३५०० एमबी वाचते, जोडी चाचणीत साडेसहा हजारांच्या आसपास जायची. एकटी जनरेशन ४ ची सात हजारांची. माझ्या मशीनच्या दोन्ही जागा थेट प्रोसेसरला जोडलेल्या आहेत म्हणून जोडीला हा आकडा मिळाला. काही लॅपटॉपमध्ये दोन्ही जागा चिपसेटमार्फत (इतर भाग प्रोसेसरला जोडणारी चिप) जातात. तिथे चिपसेट ते प्रोसेसर हा मार्ग डीएमआय ३.० प्रकारचा असेल तर तोच सेकंदाला सुमारे ३.९ जीबीचा. म्हणजे दुसऱ्या एसएसडीचे पैसे देऊनही वेग एकीपेक्षा फारसा वाढत नाही. विकत घेण्याआधी हे एवढं नक्की बघा.

आता मुख्य मुद्दा. हा साडेसहा हजारांचा वेग एडिटिंगमध्ये लागतो कुठे? फोरके फुटेज १०० मेगाबिटचं असेल तर सेकंदाला साडेबारा एमबी झाले. चार कॅमेरे एकाच वेळी टाइमलाइनवर चालवले तरी ५० एमबी. एवढं तर जुनी साटा एसएसडीही आरामात देते, ती साडेपाचशेपर्यंत जाते. टाइमलाइन अडखळते ती दाबून साठवलेलं फुटेज उलगडताना प्रोसेसर आणि ग्राफिक्सवर ताण येतो म्हणून. कार्ड उतरवतानाही तेच. कॅमेऱ्याच्या यूएचएस-१ (ही कार्डाच्या वेगाची पातळी) कार्डाची मर्यादा सेकंदाला १०४ एमबी, यूएचएस-२ ची ३१२. पुढे जोडी असो की एकटी, हळदीचं कार्ड उतरायला लागायचा तेवढाच वेळ लागला.

प्रोजेक्ट उघडणं, थंबनेल भरणं, विंडोज सुरू होणं हा सगळा बारीक फाइलींचा खेळ. ४ केबीचा तुकडा वाचायचा तर तो एकाच एसएसडीवर असतो, दुसरी त्या वेळी नुसती बसून. त्यामुळे बारीक तुकडे वाचायच्या चाचणीत जोडी सेकंदाला साठेक एमबीवरच राहिली. एकटी नवी एसएसडी इथे थोडी पुढेच निघाली, आणि दिवसभर काम करताना हाताला जाणवतो तो हाच फरक.

जोडीचा खरा फायदा मला एकाच ठिकाणी दिसला. शेकडो जीबी सलग लिहायचे असले की एसएसडीचा वेगवान कॅशे (लिहिताना आधी वापरली जाणारी तात्पुरती जागा) भरतो आणि वेग घसरतो. दोघी मिळून लिहितात तेव्हा ही घसरण सोसवते. रॉ इमेज सिक्वेन्सवर (प्रत्येक फ्रेमची वेगळी मोठी फाइल) काम करणाऱ्यांनी डेस्कटॉपवर जोडी जरूर लावावी. तिथे हवा खेळती असते.

लॅपटॉपमध्ये ती नसते, आणि आपल्याकडचा उन्हाळा तर सांगायलाच नको. मार्चअखेरीस, जोडी काढायच्या थोडं आधी, दुपारी कूलर चालू असतानाही एक्सपोर्टच्या वेळी बॅटरीजवळची एसएसडी ७५ अंशांच्या वर जायला लागली आणि तापून हळू होऊ लागली. दुसरी बरीच थंड होती. पण बैलजोडीतला एक थकला की दुसऱ्यालाही त्याच्याच चालीने चालावं लागतं, तसं रेड झिरोत सगळं हळू झालेल्या एसएसडीच्या वेगानं चालतं. जनरेशन ४ ची एसएसडीही तापते, थंड असते असं मी म्हणणार नाही. पण एकीच्या डोक्यावर चांगला थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) लावून तिची उष्णता खालच्या धातूच्या झाकणाला देता येते. तेवढ्यावर नवतपाही (मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस) निघाला.

आणि डेटाची जोखीम. रेडची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरायची, कल्पना मांडणाऱ्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांच्या बर्कलेतल्या १९८८ च्या निबंधात पातळ्या होत्या १ ते ५ आणि प्रत्येकीत डेटा वाचवायची सोय होती. शून्य नंतर आलं आणि त्यात वाचवणारं काहीच नाही. एक एसएसडी गेली की दोन्हींवरचं गेलं. भर सीझनमध्ये लॅपटॉपच्या कंपनीचं बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट आपोआप आलं आणि स्टोरेजचं सेटिंग रेडवरून बदलून ठेवलं. सकाळी मशीन सुरू केलं तर काळ्या पडद्यावर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’. नवरीचा भाऊ विदाईचं गाणं निवडायला समोर बसलेला. सेटिंग परत फिरवल्यावर सगळं जसंच्या तसं आलं, पण त्या वेळात त्याचा चेहरा मला बघवत नव्हता. आयुष्यात एकदाच होणाऱ्या गोष्टीचं फुटेज आपल्या भरवशावर असतं.

नंतर नागपुरातल्या सीताबर्डीवरच्या एका दुरुस्तीवाल्याला विचारलं, मशीनच बंद पडलं तर डेटा निघेल का? तो म्हणाला, “एकच आणून काई फायदा नाही भाऊ. दोन्ही लागतील, अन् तसलंच रेडवालं मशीन पाहिजे.” एकटी एसएसडी काढून यूएसबी केसिंगमध्ये (बाहेरून जोडायची डबी) टाकली की साधारण कुठल्याही लॅपटॉपवर उघडते.

म्हणून आता रिकाम्या झालेल्या जागेत जुन्या दोघींपैकी एक लावली आहे, पण न जोडता, स्वतंत्र. रोज रात्री चालू प्रोजेक्ट तिच्यावर कॉपी होतो. दुसरी केसिंगमध्ये घालून घरी ठेवली आहे. लॅपटॉपसाठी मी दुसऱ्या एसएसडीचा हाच उपयोग सुचवेन.

घेताना एक तपासा: पातळ लॅपटॉपमध्ये एकाच बाजूला चिपा असलेली एसएसडीच नीट बसते. २ टीबीच्या काही मॉडेल्समध्ये त्या दोन्ही बाजूंना असतात, मग थर्मल पॅडला जागा उरत नाही आणि झाकण फुगतं. दुकानातच झाकण उघडून बसवून बघा.