गरम इंजिनचा काटा दाखवून ३८ हजार रुपये काढले

पिकअपवर पोट असलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. गरम इंजिनवर ऑइल प्रेशरचा काटा खाली आलेला दाखवून, ‘बेअरिंग गेलंय’ असं सांगून, सासवड रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून ३८ हजार रुपये घेतले. बेअरिंगला काहीही झालं नव्हतं. आणि पैसे घेऊन त्याने ते बदललंसुद्धा नव्हतं.

माझी गाडी मामांकडून घेतलेली. बहुतेक पिकअपना ऑइल प्रेशरचा नुसता लाल दिवा असतो, पण मामांनी बाहेरून काट्याचा मीटर बसवून घेतला होता. मार्केट यार्डात किराणा भरायचा आणि दिवे घाट चढून सासवड, जेजुरीकडच्या दुकानांना पोचवायचा, हे माझं काम. मे महिन्यात गाडी सर्व्हिसिंगला टाकली. मिस्तरी म्हणाला, एक चक्कर मारून बघतो. बराच वेळ फिरवून आणली, बॉनेट उघडलं, इंजिन स्लोवर (गाडी उभी, रेस न देता) ठेवलं आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

“मालक, काटा बघा. एकवर आलाय. चारवर पाहिजे.”

मग लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनच्या ब्लॉकला टेकवून त्याची मूठ माझ्या कानाला लावली. “टक टक येतंय ना? क्रँकचं बेअरिंग आहे ते. भरलेली गाडी घाटात जाम झाली तर मागे किती गाड्या असतात, तुम्हीच विचार करा.” दुसऱ्या दिवशीचं भाडं ठरलेलं होतं, दुकानदारांना शब्द दिलेला होता. २० हजार यूपीआयने लगेच, उरलेले गाडी घेताना रोख. बिल म्हणून हाताने लिहिलेला कागद मिळाला: मेन बेअरिंग, कनेक्टिंगचं बेअरिंग, ऑइल पंप, मजुरी. त्यावर ना गॅरेजचं नाव, ना शिक्का. पिशवीत गुंडाळून ‘जुनं बेअरिंग’ही दिलं.

गाडी मिळाली तेव्हा गरम इंजिनवर, स्लोमध्ये काटा साडेतीनच्या आसपास. “बघा, कसा उभा राहिला,” म्हणाला.

काही दिवसांनी हडपसरच्या पंपावर डिझेल भरायला थांबलो. इंजिन बंद, चावी मात्र चालू होती, कारण फोन चार्जिंगला होता. समोर मीटर दिसत होता आणि काटा दोनवर होता. इंजिन बंद असताना ऑइल पंप फिरत नाही आणि तो फिरत नसेल तर प्रेशर शून्यच असायला हवं. दोन आलं कुठून?

तिथून सरळ भोसरीच्या एका जुन्या डिझेल मिस्तरींकडे गेलो. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी आधी मीटरकडे पाहिलं, मग इंजिनवरच्या सेन्सरपासून निघालेली वायर हाताने चाचपत आले. डॅशबोर्डच्या आत एका ठिकाणी काळी टेप जाड लागली. ती सोलली तर वायर मध्येच तोडलेली, आणि दोन टोकांच्या मध्ये रंगीत पट्ट्यांचा एक बारीक रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा तुकडा, डाग देऊन जोडलेला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा असेल. माझ्या मीटरच्या सेन्सरमध्ये प्रेशर वाढलं की ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतात, आणि मीटर तेच वाचतो. वायरमध्ये जादा ओहम घातले की काटा कायमचा वर सरकतो, खाली इंजिनमध्ये काहीही चालू असो. काही मीटर उलट्या पद्धतीचे असतात, प्रेशर वाढलं की त्यांचे ओहम कमी होतात. तिथे जोडणी वेगळी करावी लागते, पण फसवता तेही येतात.

मग उस्तादांनी जे केलं, ते पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. ब्लॉकवरचा सेन्सर काढून त्या भोकात नळीचा मीटर बसवला. त्याला वायर नसते, तेल स्वतः नळीतून चढून काटा ढकलतं. इंजिन पूर्ण गरम होऊ दिलं. स्लोवर १.२. दोन हजार आरपीएमला ३.६. “ठणठणीत आहे,” म्हणाले.

हे आकडे समजून घ्या, कारण फसवणूक यांच्याच जोरावर चालते. मीटरवर बार लिहिलेलं असो किंवा किलो प्रति चौरस सेंटिमीटर, दोन्ही जवळपास सारखेच. पीएसआय असेल तर १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. साधारण डिझेल पिकअपला पूर्ण गरम झाल्यावर स्लोमध्ये १ ते २ बार आणि चालत्या गाडीत ३ ते ५ बार दिसतं. सकाळी थंड इंजिनला सुरू करताच काटा पाचच्या वरही जातो, तोही बिघाड नाही. नेमकी खालची मर्यादा प्रत्येक इंजिनची वेगळी, ती कंपनीच्या पुस्तकात दिलेली असते.

काटा खाली का येतो? ऑइल पंप क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, जोरावर फिरतो, त्यामुळे आरपीएम कमी झाले की तेलही कमी ढकललं जातं. त्यात तेल गरम झालं की पातळ होतं. किती पातळ, याचा अंदाज आपल्याला नसतो. नेहमीचं १५डब्ल्यू-४० तेल ४० अंशांना जेवढं घट्ट असतं, त्याच्या साधारण सातवा हिस्साच घट्टपणा १०० अंशांना उरतो. थंडीतली काकवी आणि चुलीवरून उतरवलेली काकवी यांत असतो तसा फरक. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी. तिच्यातून पातळ तेल सहज निसटतं, अडत नाही, म्हणून प्रेशर कमी दिसतं. मे महिन्याच्या उन्हात गाडी पिदडून आणून लगेच स्लोवर काटा दाखवला, तर धडधाकट इंजिनही एकवरच दिसणार. त्या मिस्तरीला हे पक्कं माहीत होतं. म्हणून तर चक्कर एवढी लांब मारली. आणि तो टक टक आवाज? स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकला तर कुठलंही डिझेल इंजिन ठोकतंच.

खरी धोक्याची खूण वेगळी असते. चालत्या गाडीत लाल दिवा लागला तर त्याच जागी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. तो दिवा साधारण अर्धा बार किंवा त्याच्याही खाली गेल्यावरच लागतो, तोपर्यंत बेअरिंगला तेलाची वानवा सुरू झालेली असते. थांबून तेल मोजायची काडी बघायची, पण काडीवर तेल पुरेसं दिसलं म्हणून पुढे रेटायचं नाही, कारण काडी तेल किती ते सांगते, प्रेशर सांगत नाही. रेस केल्यावर काटा वर चढतच नसेल, किंवा त्याच उन्हात, त्याच वेगात नेहमी साडेतीन असणारा काटा आता दोनवर येत असेल, तर मात्र तपास लागतो. तेव्हाही पहिला संशय सेन्सर आणि वायरवर, मग तेल कुठलं आहे आणि त्यात डिझेल उतरलंय का, मग फिल्टर, चेंबरमधली (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीतली) जाळी, जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह. बेअरिंग आणि क्रँक सगळ्यात शेवटी. नळीच्या मीटरने मोजल्याशिवाय जो ‘इंजिन उतरवावं लागेल’ म्हणतो, त्याच्याकडून गाडी सरळ बाहेर काढा.

आता त्या बेअरिंगचं. उस्तादांनी गाडीखाली टॉर्च मारून मला चेंबरचे बोल्ट दाखवले. तेल आणि धूळ मिळून झालेला काळा थर बोल्टच्या डोक्यांवर जसाच्या तसा, कडेला पॅकिंग जुनंच, नवीन सिलिकॉनचा मागमूस नाही. चेंबर न काढता खालून बेअरिंग बदलताच येत नाही. पिशवीतले जुने शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) घेऊन मी नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने शेल उलटा केला आणि पाठीवरचा ०.५० हा ठसा दाखवला. याचा अर्थ क्रँक अर्धा मिलिमीटर घासून झाल्यावर बसवलेलं बेअरिंग. माझं इंजिन मामांनी नवीन घेतल्यापासून कधी उघडलेलंच नाही, त्यात स्टँडर्ड मापाचेच शेल असणार. दुसऱ्या कुणाच्या तरी इंजिनचं भंगार माझ्या हातात ठेवलं होतं.

परत गॅरेजला गेलो तर आधी ‘मीटरच खराब असेल’, मग ‘पाच हजार घ्या आणि विषय संपवा’. मी घेतले नाहीत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत घाट चढणाऱ्या माणसाला भीती दाखवून लुबाडायचं, याचा मला मनापासून संताप येतो. आणि माझ्यासारख्या किती जणांना हाच काटा दाखवला असेल, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जातोय. ‘तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक कसले?’ असं मला एकाने सांगितलं, ते सरसकट खरं नाही. फक्त स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेऊन वापरलेली वस्तू २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘व्यापारी हेतू’ची धरली जात नाही. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तक्रारीची फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते. पक्कं बिल न देणं हीसुद्धा त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. माझ्याकडे यूपीआयची नोंद, हाताने लिहिलेला कागद, बोल्टचे फोटो आणि तो रेझिस्टर आहे. रेझिस्टर काढण्याआधी, वायरला जोडलेला असतानाच त्याचा व्हिडिओ काढून घेतला. तुमच्या गाडीत असं काही सापडलं तर आधी तेवढं करा, मगच हात लावा.

ज्यांनी अलीकडे ‘प्रेशर कमी’ म्हणून इंजिनचं काम करून घेतलंय आणि गाडीत काट्याचा मीटर आहे, त्यांनी उद्या सकाळी स्टार्टर मारण्याआधी नुसती चावी चालू करून काटा बघा. तो शून्यावर नसेल तर सेन्सरपासून मीटरपर्यंतची वायर हाताने चाचपत जा. जिथे टेप जाड लागेल तिथे सोला.