सावलीतली ऑस्ट्रेलियन नेटिव्ह झाडं: कॉरियाला साडेचार तारे, लेबलवरच्या अर्ध्या सूर्याला शून्य

जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, बर्ड्स नेस्ट फर्नची पानं करपून पापडासारखी झाली. नर्सरीचं उत्तर: "लेबलवर पार्ट शेड लिहिलंय, तुमची जागा पार्ट शेड नसणार." बारा महिन्यांची हमी त्या एका वाक्यात संपली. जागा मेलबर्नच्या पूर्व उपनगरातली. चिकणमाती, घर आणि कुंपण यांच्यामधला दीड मीटरचा दक्षिणेकडचा पट्टा. झाडं किती उंच होतात, कधी फुलतात हे सगळीकडे लिहिलेलं असतं, ते इथे उगाळत नाही.

लेबलवर 'पार्ट शेड'ची, म्हणजे अर्ध्या सावलीची खूण म्हणून छापलेला तो अर्धा काळा सूर्य म्हणजे निव्वळ थाप आहे. पुण्या-मुंबईच्या हिशेबाने घराची उत्तर बाजू थंड, इथे दक्षिण. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मेलबर्नला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 29 अंश वर येतो, म्हणजे तीन मीटर उंच भिंतीची सावली साडेपाच मीटर लांब पडते. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर भिंतीच्या दक्षिण अंगाला थेट ऊन लागतच नाही. इथपर्यंत 'शेड' बरोबर. पण डिसेंबर-जानेवारीत सूर्य पश्चिमेच्याही 30 अंश दक्षिणेला मावळतो. संध्याकाळी पाचच्या पुढे तो भिंतीला वळसा घालून येतो आणि पट्ट्याचं पश्चिम टोक उघडं असेल तर तिरपं ऊन आठपर्यंत थेट आत घुसतं. पारा 40 वर गेलेल्या दिवशी तेवढे तीन तास फर्नला पुरतात. सकाळचं ऊन मात्र निरुपद्रवी. म्हणून फर्न पूर्वेच्या टोकाला आणि पश्चिमेच्या टोकाला कॉरिया आल्बा (नेटिव्ह झुडूप) किंवा लोमँड्राची (गवतासारखं झुबकेदार झाड) आडोसा देणारी रांग. एवढं एक वाक्य लेबलवर छापायला किती शाई लागली असती?

दुसरी गोष्ट पाणी, त्याबद्दल तर लेबल मुकंच. छपराची 60 सेंटिमीटर पुढे आलेली पागोळी असेल तर भिंतीलगतच्या तेवढ्या पट्टीत पाऊस जवळजवळ पडतच नाही. बरा पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी खुरप्याने 10 सेंटिमीटर उकरून बघा. माती भुरभुरीत निघाली तर ती कोरडी सावली, आणि तिथे हिरवंगार दिसणारं निम्मं दुकान बाद. इंटरनेटवरच्या बहुतेक याद्या सिडनी-ब्रिस्बेनच्या असतात. सिडनीला वर्षाला साधारण 1200 मिलिमीटर पाऊस, मेलबर्नला 650च्या आसपास. नेटिव्ह जिंजर तिकडे माजते, इथे उभी राहते एवढंच.

कोरड्या सावलीत पैसे वसूल करणारं झाड कॉरिया. ग्लॅब्रा, रिफ्लेक्सा आणि बॉयर्लेनी या तिन्ही जातींनी पागोळीखाली तग धरला. कॉरियाचाच 'डस्की बेल्स' हा वाण दोन मीटर पसरतो, अरुंद पट्ट्यात घेऊ नका. ऐन थंडीत, बाकी बाग झोपलेली असताना यांना घंटेसारखी फुलं येतात आणि लांब वाकड्या चोचीचा ईस्टर्न स्पाइनबिल रोज हजेरी लावतो. लेबलवर हे नसतं, आणि खरं तर याच्यासाठीच झाड घ्यावं. अर्धा तारा कापला तो खवले किडीसाठी. पानांवर काळी बुरशी दिसली की फांद्यांच्या खालच्या बाजूला खवले शोधा आणि किडीवर मारायचं बागेचं तेल (हॉर्टिकल्चरल ऑइल) फवारा, फक्त पारा 30च्या वर असताना नको. फुलं सरल्यावर टोकं छाटली नाहीत तर झुडूप खालून उघडं पडतं.

लोमँड्रा 'तनिका' मरत नाही, पण गडद सावलीत लोळते. फर्नांमध्ये कोरडेपणा सोसणारी म्हणजे पॉलिस्टिकम प्रोलिफेरम, मदर शील्ड फर्न. एकच विकत घ्या. पानाच्या टोकाजवळ छोटी रोपं येतात, ते टोक मातीत वाकवून तारेच्या हुकाने दाबलं की पुढची रोपं फुकट.

नेटिव्ह व्हायोलेटला आधी एकच तारा ठरवला होता. व्हायोला हेडरेशिया म्हणून जे विकतात ते बहुधा व्हायोला बँक्सी असतं आणि त्याला पाणी हवंच. फेब्रुवारीत पागोळीखालचा सगळा गालिचा तपकिरी झाला. पण शरदातल्या (इथे मार्च ते मे) पावसानंतर त्याच वाळक्या धाग्यांतून तो पुन्हा उगवला, म्हणून मत बदललं. पागोळीच्या बाहेर, एसीचं पाणी टपकतं तिथे, चार तारे. तिथे उलट आवरावा लागतो, शेजारची लहान रोपं गिळतो. 140 मिलिमीटरची एक कुंडी घेऊन सुरीने सहा तुकडे करा आणि 30 सेंटिमीटर अंतराने लावा. सहा ट्यूब (नळीएवढ्या छोट्या कुंडीतली रोपं) विकत घेणं म्हणजे उधळपट्टी.

ट्यूबचं म्हणाल तर बाकी सगळीकडे तीच घ्या. 50 मिलिमीटरची ट्यूब तीन ते पाच डॉलरला मिळते, मोठ्या कुंडीला तिप्पट-चौपट पडतात. झाडांच्या मुळांनी भरलेल्या जागेत छोटा खड्डा घेणं सोपं जातं आणि छोटं रोप लवकर रुळतं. मोठ्या कुंडीची गोम वेगळीच आहे. तिच्यातलं सालीचं मिश्रण एकदा सुकलं की पाणी झटकतं. भोवतालची चिकणमाती ओली, आणि मुळांचा गड्डा आतून ठणठणीत कोरडा. म्हणून लावण्याआधी गड्डा बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. खड्डा गड्ड्याएवढाच खोल, रुंदी दुप्पट. चिकणमाती मोकळी करायला घालतात ते जिप्सम डोळे मिटून ओतू नका. मातीचं सुकं ढेकूळ पावसाच्या पाण्याच्या ग्लासात टाका, दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं तरच चौरस मीटरला साधारण किलोभर. एप्रिल-मेमध्ये लावलेली मुळं उन्हाळ्याआधी खोल जातात, ऑक्टोबरात लावलेली नाही. खत कमी फॉस्फरसचं, तेही वसंतात (इथे सप्टेंबरपासून) चिमूटभर. पट्ट्याच्या उजेडाच्या टोकाला बँक्शिया किंवा ग्रेव्हिलिया असेल तर साधं गुलाबाचं खत त्यांना मारतं.

ट्री फर्नचे पैसे खोडाच्या लांबीवर मोजतात. बुंध्याशी कापलेलं, मुळं नसलेलं खोड घ्यायचं तर फक्त डिक्सोनिया अंटार्क्टिका. ती खोडातूनच मुळं काढते. सायाथिया या दुसऱ्या ट्री फर्नचं कापलेलं खोड जगत नाही. व्हिक्टोरियात जंगलातून काढलेल्या खोडावर सरकारी टॅग असतो, तो नसेल तर स्वस्त म्हणून मोहात पडू नका. पाणी बुंध्याला घालून भागत नाही, खोडावर आणि शेंड्यात ओतावं लागतं, उन्हाळ्यात रोज. लांबी वाढते वर्षाला तीन ते पाच सेंटिमीटर, तेव्हा मीटरभर जास्त खोडाचे पैसे म्हणजे वीस ते तेहतीस वर्षांची किंमत.

आच्छादन पाच ते सात सेंटिमीटर, खोडापासून थोडं दूर. भिंतीतली वीप होल्स (ओल बाहेर पडायला विटांमध्ये ठेवलेल्या फटी) झाकू नका, ओल आत जाते आणि वाळवीला आडोसा मिळतो. ब्लॅकबर्ड पक्षी हे आच्छादन रोज उकरून वाटेवर फेकतात आणि नवीन ट्यूब उघड्या पाडतात. बारीक सालीऐवजी जाड तुकडे घातले आणि प्रत्येक ट्यूबभोवती चार दगड ठेवले की त्रास निम्मा होतो.