निळ्या डोळ्यांचे जादा पैसे घेतलेत, तर त्याचे आई-बाप तरी सांगा

या पाळीव प्राण्यांच्या दुकानाला दोन तारे देतेय. एक गवतासाठी, दुसरा काउंटरवरच्या पोरासाठी. बिचारा पगारी माणूस, त्याच्या हातात काय असणार!

मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहते, घरीच साड्यांना फॉल-पिको करते. नोव्हेंबरात नातीच्या हट्टापायी या दुकानातून ससा घेतला. लाल डोळ्यांचा पांढरा ७०० रुपयांना होता, निळ्या डोळ्यांचा १,८००. "ये प्रीमियम है मौसीजी, फॉरेन ब्लडलाइन." कुठलं फॉरेन, ते मालकांनाही सांगता आलं नाही. नातीनं नाव ठेवलं साबू, कारण त्या दिवशी घरी साबुदाण्याची खिचडी होती.

फेब्रुवारीतली गोष्ट. मी मशीनवर बसलेली, साबू माझ्या पायाशी. मशीन दिवसभर घरघरतं, पण त्याला त्याचं काही नाही, मोटारीच्या बाजूला पसरून झोपतो. आत कुकर लावलेला. तिसरी शिट्टी झाली आणि हा उठून खोलीभर वेड्यासारखा धावत सुटला. पाटाला धडकला, आडवा झाला, मान मागे ताठ आणि चारही पाय हवेत सायकल चालवल्यासारखे. आमचे हे कांदा घेऊन धावले. माणसाला हुंगवतात तसा सशालाही हुंगवायचा म्हणे! मी कांदा आधी बाहेर टाकला, तो सशाच्या पोटात गेला तर विषच. मिनिटभरात सगळं थांबलं. मग पाचेक मिनिटं नुसता बसून होता, आपलं घर ओळखू न आल्यासारखा. नंतर कोथिंबीर खाल्ली.

दुकानात फोन केला. "गर्मी से हुआ होगा." अहो, फेब्रुवारीत? आम्ही घरात स्वेटर घालून बसलो होतो.

डॉक्टर चांगले भेटले, महूच्या व्हेटरनरी कॉलेजात शिकलेले. पहिलं वाक्य हे की पुढच्या वेळी हात लावू नका, आजूबाजूचं सामान सरकवा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. मग प्रश्न सुरू. पिसवांचं औषध मानेवर टाकलंत का? (कुत्र्याच्या काही औषधांत फिप्रोनिल असतं, त्यानं सशाला झटके येऊ शकतात.) जुन्या रंगाचे पोपडे चाटतो का? त्यात शिसं असू शकतं. जेवण तुटलं होतं का? कानांत आतपर्यंत बघितलं. शेवटी एका परजीवीचं नाव सांगितलं, ते मी साड्यांच्या नंबरांच्या वहीतच लिहून घेतलं: एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली. सशाच्या लघवीतून पसरतो, मेंदूत नि मूत्रपिंडात घर करतो. त्यात बहुतेक वेळा मान वाकडी होते, साबूची सरळ होती. तरी संशय नको म्हणून २८ दिवस फेनबेंडाझोल, म्हणजे जंताचं औषध. वजन १.६ किलो, डोस ३२ मिलिग्रॅम, रोज सकाळी सुई काढलेल्या सिरिंजनं, दातांच्या बाजूनं.

रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक, निघाली तेव्हा त्याला आतल्या खोलीत ठेवून खिडकीला गादी लावली. तो दिवस निभावला. पण कोर्स संपल्यावर एप्रिलमध्ये पुन्हा आकडी, आणि पुन्हा शिट्टीलाच. वहीत तारीख, वेळ, कितवी शिट्टी, सगळं होतं. डॉक्टरांनी वही पाहिली आणि म्हणाले, "काकू, डोळ्यांचा रंग सांगा."

लाल डोळ्यांचा पांढरा ससा अल्बिनो असतो, म्हणजे अंगात रंगच नसतो. निळ्या डोळ्यांचा पांढरा वेगळा. त्याच्यात व्हिएन्ना जनुक असतं, एक आईकडून, एक बापाकडून. व्हिएन्ना व्हाइट ही ऑस्ट्रियातली जात. या जातीत आणि पांढऱ्या बेव्हेरन या दुसऱ्या जातीत आकडी घराण्यातून चालत आल्याच्या नोंदी आहेत, आणि काहींना ती मोठ्या आवाजानंच येते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच जर्मनीत यावर काम झालं होतं. निळा डोळा म्हणजे आकडी येणारच, असं मुळीच नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. बाकीची कारणं एकेक करून बाजूला सारायची, मग हे उरतं. आकड्या वाढल्या तर फेनोबार्बिटल किंवा लेव्हेटिरासेटाम ही आकडीची औषधं चालू करू म्हणाले. सध्या कुकर लावायच्या आधी साबूला आतल्या खोलीत नेते. तेव्हापासून एकही आकडी नाही.

मी मे महिन्यात दुकानात गेले ती पैसे परत मागायला नाही. एवढंच विचारलं, याचे आई-बाप कोण आणि त्याच विणीतली बाकीची पिल्लं कुठे गेली. मालक आधी टाळत होते. काउंटरवरचा पोरगा बोलून गेला, "मौसी, दोनों भाई-बहन ही हैं, घर की जोड़ी है." आणखी एका गिऱ्हाइकाचाही फोन आला होता म्हणे. मालकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की पोरगा लगेच दाण्याची पोती रचायला लागला.

भाऊ-बहिणीची जोडी लावून वीण काढायची, त्यात आकडीची तक्रार आली तरी तीच जोडी चालू ठेवायची, आणि वर निळ्या डोळ्यांचे अकराशे जादा. तक्रार एवढीच. ती जोडी थांबवा, आधी विकलेल्यांना फोन करा. मी तिसरा ताराही देईन.

गवत मात्र चांगलं मिळतं, हिरवं, सुवासिक, धूळ नाही, पक्कं बिल. गेल्या मंगळवारी तेच आणायला गेले होते. पुढच्या पिंजऱ्यात निळ्या डोळ्यांची दोन पिल्लं होती, एकमेकांना चिकटून झोपलेली. वर पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलेलं: "कपल, ३,२००."