मेमटेस्ट८६ : वाढवलेल्या मेमरी-वेगाची परीक्षा

डीडीआर४ या प्रकारची, ३२०० वेगाची मेमरी (रॅम) बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (मेमरीला तिचा जाहीर वेग देणारी सोय) सुरू करेपर्यंत बहुधा २१३३ किंवा २६६६ वरच धावते. तो वेग वाढवल्यावर संगणक सुरू झाला म्हणजे काम फत्ते, असा नवख्यांचा समज असतो. मेमटेस्ट८६ ही मेमरी तपासणारी चाचणी पेनड्राइव्हवरून, विंडोज सुरू होण्याआधीच चालते, त्यामुळे अस्थिर मेमरीपायी फाइली बिघडण्याआधीच दोष उघडा पडतो. सापडलेल्या चुकीची नोंद मेमरीतला पत्ता, अपेक्षित मूल्य आणि प्रत्यक्ष मूल्य यांसह दिसते. अशी एकही नोंद आली, तर व्होल्टेज चढवत बसण्यापेक्षा वेग एक पायरी उतरवावा. मोफत आवृत्तीतील चाचणीच्या ४ फेऱ्या, रेंगाळत चालल्या तरी, घरगुती वापराला पुरेशा वाटतात. प्रोसेसरसाठी मात्र ही चाचणी तोकडी पडते; तिथे प्राइम९५ हा प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारा प्रोग्रॅम चालवून तापमानावर नजर ठेवावीच लागते.