टेम्पररी प्रोफाइल आणि 4,720 रुपये

गेल्या महिन्यात लाईट गेली तेव्हा कॉम्प्युटरवर विंडोजचं अपडेट चालू होतं, आणि यूपीएसची बॅटरी कधीचीच बसलेली. लाईट आल्यावर पासवर्ड टाकला, तर डेस्कटॉप कोरा! कोपऱ्यात मेसेज, टेम्पररी प्रोफाइलने साइन इन झालंय, म्हणजे माझ्या नेहमीच्या खात्याऐवजी विंडोजने तात्पुरतं कोरं खातं उघडलेलं. मी सोसायटीचा खजिनदार, ऑडिट तोंडावर आणि मेंटेनन्सच्या सगळ्या एक्सेल शीट गायब. पोटात गोळाच आला.

मेसेज गूगलवर टाकला. सगळ्यात वर एक टोल-फ्री नंबर, बाजूला बारीक 'स्पॉन्सर्ड'. तो शब्द दिसला नाही असं म्हणणार नाही. दिसला, पण घाई होती.

पलीकडचा माणूस फार गोड बोलायचा. "सर, घबराइए मत." स्क्रीन शेअर करायचं ॲप उतरवून घेतलं, त्यावरचा नंबर मागितला आणि माझा माऊस आपोआप फिरायला लागला. त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडला. लाल गोळ्यांची रांगच रांग. "ये सब वायरस हैं सर, आपका अकाउंट खा रहे हैं." तुमच्या घरच्या धडधाकट कॉम्प्युटरवर उघडून बघा, असेच लाल गोळे दिसतील. ती विंडोजची रोजनिशी आहे, बारीकसारीक कुरबुरीही त्यात लिहिल्या जातात. मला कुठे माहीत!

4,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, 4,720. यूपीआयने दिले. जीएसटी लावतोय म्हणजे माणूस सरळ, असं मला चक्क वाटलं. बिलावरचा जीएसटी नंबर नंतर मोजला. 15 अक्षरं हवीत, होती 11.

पाच मिनिटांत त्याने एक नवं यूजर अकाउंट काढलं आणि म्हणाला, रिपेअर झालं. माझ्या शीट? त्याला म्हणे 'डेटा रिकव्हरी'चे वेगळे साडेआठ हजार. पिन टाकणार तोच ही म्हणाली, "अहो, आधी मनूला तरी विचारा."

मनू माझा भाचा. "मामा, फोन ठेवा त्याचा आणि वायफाय बंद करा," एवढंच बोलला आणि संध्याकाळी आला. सी ड्राइव्ह, त्यात यूजर्स, त्यात माझ्या नावाचं जुनं फोल्डर, त्यात डेस्कटॉप. एकूण एक शीट जागेवर. साडेआठ हजारांना तो मला हेच फोल्डर उघडून देणार होता.

मनूने आधी सगळं पेन ड्राइव्हवर घेतलं. मग रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीचा, बॅकअप काढून तिच्यातली प्रोफाइल-लिस्ट, म्हणजे खात्यांची यादी, उघडली. तिथे माझ्या खात्याच्या दोन नोंदी होत्या, एकीच्या शेपटीला डॉट बॅक (.bak). तीच खरी, दुसरी टेम्पररी. नावं जागच्या जागी केली, रीस्टार्ट, आणि जुना डेस्कटॉप परत. वीस मिनिटं लागली असतील. नुसत्या रीस्टार्टनेही कधीकधी गाडी रुळावर येते म्हणे. मात्र टेम्पररीत असताना डेस्कटॉपवर काही सेव्ह करू नका, साइन आउट होताच ते पुसलं जातं.

मी सुटलो असं समजत होतो. मनूने अकाउंटची यादी उघडली, तर त्या गृहस्थाचं नवं खातं ॲडमिनिस्ट्रेटर, पासवर्ड त्याचाच. शिवाय स्क्रीन शेअरच्या ॲपलाही त्याने कायमचा पासवर्ड लावून ठेवलेला, म्हणजे मी झोपलो असलो तरी त्याला आत यायची सोय. दोन्ही उडवलं, बँकेचे पासवर्ड मोबाईलवरून बदलले, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली.

4,720 अजून आलेले नाहीत. परवा त्याचाच फोन आला होता, "सर, रिकव्हरी करनी थी ना?"